मोरणीचं रेडकू

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर त्या वर्षी एकच म्हैस उरली होती. तिचं नाव मोरणी. वय सोळा, शिंगं तलवारीसारखी मागे वळून खांद्यापलीकडे गेलेली, डावं टोक भिंतीला घासून बोथट झालेलं. रोज दिवेलागणीला इरण्णा दहिहंडे तिला घेऊन कट्ट्यावर यायचे, रस्त्याच्या कडेला उभी करायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायचे. त्यांच्या तरुणपणी इथे म्हशींची रांग लागायची आणि तालमीतून सुटलेले पैलवान पेल्यामागून पेले रिचवत उभे राहायचे.

रांग मोडली ती दोन कारणांनी. एक, टाकीतलं दूध आलं. यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेलं, चवीला बरं, घरपोच आणि स्वस्त. दुसरं कारण म्हशींच्या अंगातलं होतं. हॉर्नच्या गोंगाटात, परक्या माणसांच्या गराड्यात पान्हा सोडणारी म्हैस विरळा. बरेच गवळी त्यासाठी गुपचूप ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचायचे. त्यावर कडक तपासणी आली तशा म्हशी एकेक करून कट्ट्यावरून गेल्या.

मोरणीला इंजेक्शन कधी लागलं नाही. तिच्या आईला लागलं नव्हतं, आजीलाही नाही. अंगावरून हात फिरवला की तिच्या शरीरातलं ऑक्सिटोसिन आपोआप सुटायचं, मग समोरून लग्नाची वरात जाईना का. पण ती वंशातली शेवटची होती. तिची एक मुलगी पुरात गेली, दुसरी इरण्णांच्या भावाच्या वाटणीत गेली आणि विकली गेली. शेवटचं रेडकू गेल्या वर्षीच्या श्रावणात जन्मलं आणि दुसऱ्या आठवड्यात हगवणीने मेलं. तेव्हापासून मोरणी माजावर आली नव्हती.

"आज फेस कमी वाटतोय, अण्णा," खराडे सर पेला दिव्यासमोर धरून म्हणाले. ते निवृत्त शिक्षक, आणि कट्ट्याचं शेवटचं रोजचं गिऱ्हाईक.

"म्हस म्हातारी झाली, मास्तर. तुमच्या डोक्यावर किती केस ऱ्हायले, मी विचारतोय का?"

सर हसले. त्यांच्या मागे उभी असलेली डॉ. शाहीन मुजावर हसली नाही. कागल रस्त्यावरच्या पशुबीज केंद्रात ती म्हशींच्या प्रजननावर काम करायची. मोरणीच्या पोटातली अंडी वापरून तिचा वंश पुढे न्यायचा, हे काम तिने केंद्राकडून भांडून मिळवलं होतं. गिऱ्हाईक पांगल्यावर ती पुढे आली.

"अण्णा, अंड्याची पुटिका परत विरली. वाढली वाटाण्याएवढी, आणि विरली."

"पुढच्या बारीला धरंल की."

"बाऱ्या फार उरल्या नाहीत. तिच्या अंडाशयात अंडीच थोडी राहिलीत. हा हंगाम गेला तर पुढच्या वर्षी मी सुई घालून काही उपयोग नाही."

इरण्णांनी धार काढायची चरवी विसळली, पाणी गटारीत ओतलं आणि खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग मोरणीच्या मानेवर थाप मारली आणि दोघं घराकडे निघाले. दावं त्यांच्या हातात होतं, पण ते ओढावं लागत नव्हतं.

*

म्हैस जन्मायच्या आधीच तिची अंडी तयार झालेली असतात. आईच्या पोटात असतानाच ती विभागायला लागतात आणि अर्ध्यावर थांबतात. मग वर्षानुवर्षं तशीच झोपून राहतात. गाईच्या मानाने म्हशीकडे हा साठा मुळातच लहान. प्रत्येक अंड्याभोवती पेशींचं वेष्टण असतं आणि त्या पेशींमधून केसाहून बारीक धागे अंड्यापर्यंत जाऊन त्याला पोसतात. अंडं आणि वेष्टण मिळून होते पुटिका.

पुढचं सगळं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या हातात. ती दोन संप्रेरकं सोडते. एफएसएच नावाचं संप्रेरक काही पुटिकांना एकदम वाढीला लावतं. त्यातली एक पुढे जाते, बाकीच्या विरतात. पुढे गेलेली पिकवायचं काम एलएचचं. ते सलग वाहत नाही, ठोक्यांनी येतं. साधारण तासाला एक ठोका मिळत राहिला तर पुटिका भरत जाते, अंड्यात पुढच्या जिवासाठी लागणारी शिदोरी जमा होते, आणि शेवटी एलएचचा मोठा लोट येऊन अंड्याचं अर्ध्यावर थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू करतो. ठोके तुटले की पुटिका जागच्या जागी विरघळते.

हे ठोके मोजायचे तर पूर्वी जनावराचं रक्त दर दहा मिनिटांनी काढावं लागे. आता मणी आला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, कानामागे कातडीखाली बसवायचा. त्यावरचा पातळ पापुद्रा अंगातल्या द्रवातली संप्रेरकं ओळखतो आणि प्रत्येक ठोक्याला फोनवर एक टिंब उमटवतो. म्हशींचा माज मुका असतो. गाईसारखी ती हंबरत नाही, दुसरीच्या अंगावर चढत नाही, मालकाला पत्ता लागत नाही आणि महिना फुकट जातो. तो मुका माज पकडण्यासाठी मणी बनवला होता.

मोरणीला तो भाद्रपदात, म्हशींचा हंगाम सुरू होताना बसवला. आधी शाहीनने नेहमीचा उपाय केला होता, बाहेरून एफएसएच टोचण्याचा. पुटिका वाढल्या, सुईने अंडी काढली, पण ती कच्ची निघाली. रेड्याच्या वीर्याने फळली, गर्भ चार पेशींपर्यंत गेले आणि थांबले. एलएचसुद्धा पंपाने ठोक्याठोक्याने देता येतं; पण शरीर पुटिकेचं ऐकून ठोका लांबवतं-आखडतं, पंप ऐकत नाही. मोरणीच्या उरलेल्या अंड्यांवर आणखी प्रयोग परवडणार नव्हते. तिचे स्वतःचे ठोके का तुटतात हे शोधणं, एवढा एकच रस्ता राहिला होता.

टिंबं मध्येच सुरू व्हायची, दोन-तीन उमटायची आणि बंद पडायची. आधी संशय कट्ट्यावरच्या गोंगाटावर गेला. मोरणीला आठवडाभर घरीच ठेवलं. फरक पडला नाही. मग धार काढण्यावर. यंत्र लावलं, तिने पान्हा चोरला. शेजारच्या गवळ्याला बसवलं, तिने लाथ झाडली. इरण्णांची मुलगी नीलांबिका पुढे झाली तेव्हा ते म्हणाले, "तू न्हवं. ती माझ्याबिगर कुणाला घेत न्हाई."

नीलांबिकाचं वय तेहतीस. आई गेल्यापासून मोरणीचा आणि कट्ट्यावर न जाणाऱ्या इतर म्हशींचा गोठा तीच बघायची. शेण, वैरण, पेंड, आजारी रेडकं, बँक, केंद्राची माणसं. कासेला मात्र तिचा हात लागला नव्हता. कट्ट्यावर धार काढतात ते पुरुष, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. कट्ट्यावर तिच्यासाठी कधी चरवीच ठेवली गेली नव्हती.

कार्तिकात इरण्णा भाच्याच्या मुलीच्या लग्नाला निपाणीला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परतले नाहीत. शाहीन केंद्रात दुसऱ्याच म्हशीच्या कामात होती. फोनवर मोरणीच्या टिंबांचा पडदा सहज उघडला आणि ती खुर्चीत सरळ झाली. टिंबांची ओळ लागली होती. एकही मध्ये गळलेलं नव्हतं. ओळ संपली ती इरण्णा घरी पोचले त्या सुमाराला.

*

"नीला, एक विचारू? रेडकू मेलं तेव्हा अण्णांनी काय केलं होतं?"

नीलांबिका कडबा तोडत होती. ती थांबली. "आमच्या घरात करतात तेच. मेलेल्या रेडकावर घोंगडं घासलं, सगळा वास त्याला लावला आणि ते पांघरून तिच्यापुढं बसले. दोन रात्री हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांचं डोकं चाटलं आणि पान्हा सोडला. आजोबांनी पण एका म्हशीला असंच फसवलं होतं. आमच्यात हे मोठं कसब समजतात."

"तेच घोंगडं रोज असतं त्यांच्या खांद्यावर?"

"धुऊ देत नाहीत."

शाहीनने त्या संध्याकाळी ओसरीवर बसून इरण्णांना सांगितलं. व्यालेल्या म्हशीचं रेडकू जवळ असतं, पितं, तोवर तिचा मेंदू एलएचचे ठोके दाबून ठेवतो. एक लहान अंगावर असताना दुसऱ्याची तयारी नको, एवढाच त्याचा अर्थ. परकं रेडकू लावलं तर ठोके दबत नाहीत. आपलं म्हणून ओळखलेलंच लागतं.

"बरं," इरण्णा म्हणाले.

"मोरणीने तुम्हाला ओळखलंय, अण्णा. तिच्या लेखी तुम्ही तिचं रेडकू आहात. पंधरा महिने झाले, तुम्ही मोठेच होत नाही."

नीलांबिकाला हसू आवरलं नाही. "सदुसष्ट वर्षांचं रेडकू."

"गप बस." पण तेही हसले. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मला हे पटत न्हाई. मणी बिघडला आसंल."

"मग उद्या बघू. तुम्ही सकाळपासून माडीवर बसा. खाली यायचं नाही, हाक मारायची नाही, खोकायचंसुद्धा नाही."

"खोकला आला तर?"

"उशी तोंडावर धरा."

दुसऱ्या दिवशी इरण्णा पहाटेपासून माडीवर बसले. शाहीनने फोन त्यांच्यापुढे भिंतीला टेकवून ठेवला. पहिलं टिंब यायला बराच वेळ लागला. मग दुसरं आलं. तिसरं आलं तेव्हा ते पुढे सरकून बसले होते. दुपारच्या जेवणापर्यंत पडद्यावर एक सरळ ओळ झाली, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी.

"आता खाली जा. पण घोंगडं इथंच ठेवून."

इरण्णा जवळजवळ धावतच उतरले. चूक घोंगड्याची असेल तर आजच जाळून टाकू, असं जिन्यात म्हणाले. मोरणीने त्यांना बघून मान वर केली, हुंकार दिला, त्यांचा दंड चाटला. ते तिच्याजवळ उकिडवे बसले. शाहीन आणि नीलांबिका चहा घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. फोन मधोमध ठेवला होता.

टिंबाची वेळ झाली. टिंब आलं नाही.

"मागंपुढं हुतं की कधी," इरण्णा म्हणाले.

चहा संपला. नीलांबिकाने कपबश्या विसळून आणल्या. रस्त्यावरून शाळेची बस गेली. पुढच्या टिंबाचीही वेळ उलटून गेली. पडदा कोरा होता. इरण्णांचा हात म्हशीच्या गळ्याखाली होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला.

"म्हंजे मी जवळ आलो की हिची अंडी मरत्यात."

"थांबतात. तिला वाटतं, हे अजून लहान आहे."

ते उठून दोन पावलं मागे सरकले. "तिला कुणी सांगितलंच न्हाई, ते मेलं म्हणून."

"आपण कळू दिलं नाही, अप्पा," नीलांबिका म्हणाली.

*

निर्णय सोपा नव्हता. इरण्णा घर सोडून दूर राहायला गेले तर मोरणी कुणालाच पान्हा सोडणार नाही आणि काही दिवसांत आटेल. या वयात, पुन्हा व्याल्याशिवाय, तिच्या कासेत दूध येणार नाही. आणि गाभण राहायला तिचं गर्भाशय आता समर्थ नव्हतं. गर्भ दुसऱ्या म्हशीत वाढवावा लागणार होता. म्हणजे त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं की मोरणीचं दूध संपलं आणि कट्टाही संपला. बदल्यात काय मिळेल, हे शाहीन सांगू शकत नव्हती. पक्की अंडी मिळतील कदाचित. त्यातून गर्भ कदाचित. रेडी होईल की रेडा, ठाऊक नाही. आणि रेडी झाली तरी ती भर रस्त्यात पान्हा सोडेल का, हे ती मोठी होऊन व्याल्याशिवाय कळणार नव्हतं.

"निम्मे गुण बापाकडून येतात," तिने प्रामाणिकपणे सांगितलं. "मी हमी देत नाही."

"आणि न्हाई गेलो तर?"

"मोरणी आणखी वर्षभर दूध देईल. तुमच्याजवळ राहील. मग संपेल."

खराडे सरांना कळलं तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवला. "मी आता पंच्याहत्तरीचा. टाकीतलं दूध पिऊन मरायचं म्हणता काय, अण्णा?"

"मरू नका, मास्तर. पाच वर्सं कळ काढा. उगवलं तर पयला पेला तुमचा."

पुढच्या सोमवारी इरण्णांनी मोरणीची शेवटची धार काढली. ती कट्ट्यावर न नेता घरातच वाटली. मग कपड्यांची पिशवी घेतली आणि निपाणीला, थोरल्या बहिणीकडे गेले. घोंगडं त्यांनी सोबत नेलं. गोठ्यात ठेवणं धोक्याचं होतं.

गंगव्वा अक्कांनी भावाला पहिल्या सकाळी टाकीतल्या दुधाचा चहा दिला.

"ह्यात जीव न्हाई," इरण्णा म्हणाले.

"तुझ्यात तरी कुठं दिसतोय? पी गुमान."

इकडे मोरणी पहिल्या संध्याकाळपासून हंबरू लागली. मुका माज असणारी ही जात. पण हरवलेल्या रेडकासाठी ती मुकी नसते. तिने पेंडीला तोंड लावलं नाही. कास ताठरली, नीलांबिकाने गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. शेजाऱ्यांनी विचारलं, अण्णा वारले की काय. चौथ्या दिवशी मोरणी खाली बसली आणि उठेना. नीलांबिका घाबरली. तिने निपाणीला फोन लावला.

"अप्पा, नुसती हाक मारा. फोनवरनं. वास नाही, काही नाही."

इरण्णांनाही तेच हवं होतं. "मोरणे," ते म्हणाले, "ऊठ गं. हो, हो, हो." मोरणीचे कान टवकारले. ती उठली, फोनला नाक लावलं आणि तिच्या सडांतून दुधाच्या धारा आपोआप जमिनीवर गळू लागल्या. नीलांबिका रडत होती आणि हसतही होती. त्या रात्री मोरणीने पेंड खाल्ली.

सकाळी शाहीन मोटारसायकल तशीच दारात टाकून आत आली. "काल काय झालं? सगळे ठोके बंद आहेत."

नीलांबिकाने सांगितलं. शाहीन दगडी पायरीवर बसली. तिला ओरडायचं होतं, पण समोरच्या दोघींची तोंडं बघून ते जमलं नाही. "फोन करणारं रेडकू मी पहिल्यांदाच बघते," ती म्हणाली. "आता काहीही झालं तरी नाही. ती खाली बसली तर मला बोलव, मी सलाइन लावते. पण तिला हे कळू दे."

त्यानंतर नीलांबिका गोठ्यातच झोपायला लागली. मोरणी हंबरली की ती जवळ जाऊन बसायची. खाजवायची नाही, काही बोलायची नाही. निपाणीत इरण्णांनी स्वतःचा फोन बंद करून अक्कांच्या कडीकुलपात ठेवायला दिला. किल्ली मागितली तरी देऊ नको म्हणाले. दोनदा मागितली. अक्कांनी दिली नाही.

मोरणीचा आवाज हळूहळू बसला. मग ती रोजच्यासारखी खाऊ लागली. कास सुकत गेली. टिंबं पुन्हा उमटू लागली. आधी तुटक, मग सलग. सोनोग्राफीत पुटिका दिसली, वाटाण्याएवढी झाली, आणि या वेळी विरली नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नीलांबिका सरकी भिजवत असताना फोनने वेगळाच सूर काढला. पडद्यावर टिंबं एकमेकांत मिसळून एक उंच डोंगर झाला होता. तिने वळून मोरणीकडे बघितलं. मोरणी डोळे मिटून रवंथ करत होती. बाहेरून कशाचीही खूण नव्हती. सोळा वर्षांच्या त्या काळ्या देहात, जन्माआधीपासून अर्ध्यावर थांबलेलं काहीतरी पुढे सरकलं होतं, आणि जगात ते ठाऊक असलेली ती एकटीच होती. तिने शाहीनला फोन लावला. "लोट आला," एवढंच म्हणाली.

पुटिका फुटून अंडं निघायच्या आत शाहीनने सुईने ते काढलं, सोबत मागे राहिलेल्या दोन लहान पुटिकांतलीही. तीनपैकी दोन पक्की होती. दोन्ही फळली. चार पेशींचा टप्पा ओलांडला त्या दिवशी शाहीनने कुणालाच कळवलं नाही. आठव्या दिवशी एक गर्भ मागे पडला. दुसरा टिकला. तो नीलांबिकाच्याच गोठ्यातल्या गुणी नावाच्या तरण्या म्हशीत ठेवला.

*

इरण्णा परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. पिशवी ओसरीवर टाकून ते थेट गोठ्यात गेले. घोंगडं त्यांनी निपाणीतच सोडलं होतं. अक्कांनी ते शेवटी धुऊन वाळत घातलं होतं.

मोरणीने मान वळवली. पुढे केलेल्या हाताचा वास घेतला. नाकातून एक श्वास सोडला आणि पुन्हा वैरणीकडे वळली.

ते हात तसाच धरून उभे राहिले. नीलांबिका दारात होती. मग ते म्हणाले, "बरं झालं." हात मागे घेतला आणि पुन्हा म्हणाले, "बरं झालं. सुटली."

नंतर त्यांनी कोपऱ्यातल्या दुसऱ्या दुभत्या म्हशीकडे बघितलं. ते नव्हते त्या काळात नीलांबिकाच तिची धार काढत होती. "बस," ते नीलांबिकाला म्हणाले. ती बसली. त्यांनी दोन धारा बघितल्या.

"अंगठा आत मुडपू नको. सड दुखतोय तिचा. मूठ वरनं खाली मिटत यायची, ओढायची न्हाई."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीत."

"इतकी वर्सं मी हुतो की इथं," ते म्हणाले. त्यांनी चरवी तिच्या गुडघ्यांत नीट बसवून दिली.

पुढच्या आश्विनात गुणी व्याली. रेडी झाली. शिंगांच्या जागी नुसते उंचवटे, कपाळ काळंभोर. नीलांबिकाने तिचं नाव टिकली ठेवलं. कपाळावर पांढरा ठिपका नसताना हे नाव का, असं येणारा-जाणारा विचारायचा. ती फोनच्या पडद्यावरची टिंबं दाखवायची. इरण्णांनी टिकलीला गुणीजवळच वाढू दिलं. लांबून बघायचे. पेंड मात्र स्वतः भिजवायचे.

*

टिकली पहिलटकरीण होऊन कट्ट्यावर आली तेव्हा पाचवं वर्ष लागलं होतं. मोरणी अजून होती. दात पडलेले, दिवसभर उन्हात बसून असायची. खराडे सर काठी टेकत आले होते. कुणीतरी बातमी पसरवली होती, त्यामुळे बरीच गर्दी जमली. तालमीतली पोरं आली, आणि धारोष्ण दूध फक्त ऐकून माहीत असलेल्या एका शाळेची सहल आली.

नीलांबिका चरवी घेऊन बसली. कट्ट्यावर बसलेली ती पहिली बाई. त्यावर कुणीतरी कुजबुजलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. टिकलीचं रेडकू, तिचं स्वतःचं, जिवंत, लुकलुक बघणारं, आधी कासेला सोडलं आणि मग तिच्या तोंडापुढे बांधलं. टिकलीने त्याला चाटलं. नीलांबिकाने सडाला हात घातला.

एक बस हॉर्न वाजवत गेली. टिकली दचकली. खूर आपटला. सडातून काही आलं नाही.

इरण्णा रस्त्यापलीकडे पानपट्टीच्या फळीला टेकून उभे होते. शेजारी शाहीन.

"पलीकडं जायचं नाही?" तिने विचारलं.

"न्हाई."

नीलांबिकाने कास पुन्हा धुतली, कोमट पाण्याने, सावकाश. वेळ गेला. सहलीतल्या एका मुलीने बाईंना विचारलं, दूध संपलं का. खराडे सर रस्ता अर्धा ओलांडून आले. "अण्णा, एकदा हाक तरी मारा. तुमच्या घरची हाय ती."

इरण्णांनी हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. "नीला हाय तिथं. दमानं घ्या, मास्तर."

कट्ट्यावर नीलांबिकाने डोकं टिकलीच्या कुशीला टेकवलं होतं. टिकली रेडकाचा कान चाटत होती. आणखी एक रिक्षा हॉर्न देत गेली. या वेळी तिने नुसती शेपटी हलवली. मग चरवीच्या तळावर पहिल्या धारेचा तो कोरडा, टणक आवाज आला. दुसरी धार. तिसऱ्या धारेपासून आवाज मऊ झाला, दूध दुधात पडू लागलं.

पहिला पेला खराडे सरांना मिळाला. त्यांनी तो दिव्यासमोर धरला, फेस बघितला आणि पिऊन टाकला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, त्यात फेस दिसत नव्हता. दुसरा पेला एका पैलवानाने रस्ता ओलांडून इरण्णांना आणून दिला.

शाहीनने सवयीने फोन उघडला होता. टिकलीच्या कानामागेही मणी होता. तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. तो कोरा होता. टिकली व्याल्यापासून एकही टिंब उमटलं नव्हतं.

"थांबलेत," ती म्हणाली.

इरण्णांनी पडद्याकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे. रेडकू दाव्याला ओढ देत आईकडे झेपावत होतं. नीलांबिकाने दोन सड त्याच्यासाठी राखले होते, आणि आता ती दावं सोडत होती.

"थांबू द्या," ते म्हणाले. "ह्या बारीला खरं रेडकू हाय."